एका ओढीत सुटणारी गाठ

त्या दिवशी माझ्या पाठीवर कवच नव्हतं. स्टॉक लिहायचं पुठ्ठ्याचं पॅड होतं, वर लोखंडी चाप असलेलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांना त्याच दिवशी सांगायला हवं होतं त्या मोहिलेकाकांना तर नाहीच. आता पन्नाशी उलटली. भीती कमी होईल म्हणून वाट पाहत होतो, ती काही होत नाही. तेव्हा भीतीसकटच लिहितो.

शरद मोहिले आमच्या कंपनीच्या शारजातल्या गोडाऊनचे इनचार्ज होते. खेळाचं सामान दुबईत आणायचं आणि आजूबाजूच्या देशांत पाठवायचं, हा कंपनीचा धंदा. मी कागदपत्रं बघायचो. राहायला दोघंही दुबईच्या करामा भागात, एकाच बिल्डिंगमध्ये. मी तिसऱ्या मजल्यावर चार बॅचलरांत, ते पहिल्या मजल्यावर काकूंबरोबर. रोज सकाळी त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून आम्ही शारजाला जायचो. त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये माणूस माणसाला पुरता ओळखतो.

उंचीने बेताचे, टक्कल, कानांवर केस. बोलायला सुरुवात केली की पहिले तीन शब्द ठरलेले, "मी काय म्हणतो." पण त्यांची खरी ओळख म्हणजे ते भित्रे होते, आणि ते स्वतःच सांगायचे. "मी काय म्हणतो, मी भित्रा माणूस आहे. म्हणून अजून आहे." मागच्या सीटवर बसलेल्यालाही पट्टा लावायला लावायचे. हॉटेलात शिरले की आधी मागचं दार कुठे आहे ते बघायचे. लिफ्टमध्ये सहा माणसांची पाटी असेल तर पाचवा आल्यावर स्वतः बाहेर पडायचे. काकू म्हणायच्या, "ह्यांनी लग्नातसुद्धा अंतरपाटाच्या मागे काय आहे ते आधी वाकून बघितलं." त्यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "बघितलं म्हणून तर हो म्हटलं."

या भीतीचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. आधीच्या नोकरीत रॅकवरून एक हमाल त्यांच्या डोळ्यांदेखत खाली पडला होता. "पाच फुटांवरून, दिलीप. पाच फूट म्हणजे काय रे? पण पाठ नेमकी कठड्यावर आली." सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही, मागून हॉर्न वाजायला लागले.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या गोडाऊनमध्ये बर्फावर घसरण्याच्या सामानाचा कंटेनर येऊन पडला. माल तेहरानला जायचा होता. तिकडे डोंगर आहेत, बर्फ आहे. गिऱ्हाइकाने ऐनवेळी हात वर केले. बाहेर सत्तेचाळीस डिग्री, आत पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि आमच्यासमोर स्नोबोर्ड, हेल्मेटं, मनगटाच्या पट्ट्या. आमचा पठाण हमाल एक हातमोजा घालून म्हणाला, "साब, ये किसका दुश्मन पहनेगा?"

आम्ही सगळे हसत होतो तेव्हा मोहिलेकाका एक खोकं उघडून माहितीपत्रक वाचत बसले होते. त्यात पाठीची कवचं होती. कासवाच्या पाठीसारखे एकावर एक बसलेले कडक प्लास्टिकचे तुकडे, आतून जाड स्पंज, खांद्यांतून दोन पट्टे आणि कमरेला एक. मोहिलेकाकांनी पत्रक चार भाषांत वाचलं, त्यांतल्या तीन त्यांना येत नव्हत्या. मग उठले आणि एक कवच शर्टावरून चढवलं. दुपारी डबा खातानाही काढलं नाही. पोळीचा तुकडा तोंडात ठेवून म्हणाले, "मी काय म्हणतो, ज्याने हे बनवलं तो माझ्यासारखाच भित्रा असणार."

त्या कवचाला त्यांनी नाव दिलं 'पाठ'. "दिलीप, चार पाठी काढ." "ही पाठ मोठी आहे, त्या बँकवाल्या पेंडशांना दे."

बराचसा माल मालकांनी मिळेल त्या भावाला काढला. उरलंसुरलं काकांनी मागून घेतलं: सहा बोर्ड, काही हेल्मेटं आणि आठ पाठी. बर्फ नव्हतं, पण हत्ता गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळूचा तो प्रचंड लाल डोंगर होता, ज्याला सगळे बिग रेड म्हणतात. बोर्डाच्या तळाला मेणबत्ती घासली की वाळूवरूनही घसरता येतं, हे त्यांनी शोधून काढलं. पण त्याआधी पाठींची परीक्षा झाली.

ती परीक्षा मी पाहिली आहे. काकूंच्या स्वयंपाकघरात, फरशीवर. खाली उडदाचा कच्चा पापड, त्यावर पाठ, आणि हातभर उंचीवरून त्यावर वरवंटा. पापड मोडला नाही तर पाठ पास. आठही पाठी पास झाल्या. नंतर तुलना म्हणून काकांनी पापडावर नुसती उशी ठेवली आणि वरवंटा सोडला. पापडाचे तुकडे झाले. मग गादीची घडी ठेवली. पुन्हा तुकडे.

"अहो, माझे पापड!" काकू ओरडल्या.

"पापड नाही गं, मणके आहेत ते," काका म्हणाले. आणि तुकडे एकेक करून वेचले. हसले नाहीत.

एक अडचण होती. पाठींची प्लास्टिकची बकलं उन्हाळ्यात गोडाऊनमध्ये तापून ठिसूळ झाली होती, हात लावला की तुटत. काकांनी करामातल्या शिंप्याच्या दुकानातून परकराची सुती नाडी आणली. दोन दिरहम, म्हणजे वीस रुपये, असं आम्हाला ऐकवून. आणि स्वतःची एक गाठ तयार केली. कितीही हिसका बसला तरी ती सुटायची नाही, पण नाडीचं मोकळं टोक ओढलं की एका ओढीत मोकळी. "पडलेल्या माणसाला सोडवायला वेळ नसतो," ते म्हणायचे. ही गाठ ते स्वतः प्रत्येकाला बांधायचे. दुसऱ्याने बांधलेली चालायची नाही. आयुष्यात त्यांना मी कशाची फुशारकी मारताना ऐकलं असेल तर ती या गाठीची.

मग ते सुट्टीचे शुक्रवार सुरू झाले. करामातली आणि शारजातली चार-पाच मराठी कुटुंबं, दशम्या, चिवडा, थर्मासमधला चहा. पायथ्याला गाड्या लावायच्या, काका एकेकाला पाठ चढवून गाठ मारायचे, वरून जर्सी घालायची आणि बोर्ड घेऊन वर चढायचं. वर पोचल्यावर शेवटची तपासणी. काका मागून येऊन जर्सीवरून पाठीवर बोटाची पेरं वाजवायचे, दारावर वाजवतात तशी. टक टक.

"कोण आहे?"

"मी आहे, दिलीप."

"मग जा."

कडक आवाज आला नाही तर खाली परत. पेंडशांनी एकदा पाठ खालीच विसरून आल्यावर 'एवढ्या एका वेळेला' म्हणून विनवलं. "खलास," काका म्हणाले, "घसरायचंय तर बसून घसरा, पोरांसारखे." आणि पेंडसे, बँकेतला मोठा साहेब, खरोखर बुडावर बसून खाली गेले.

"पडायचं तर ठरलेलंच आहे," काका म्हणायचे. "कशावर पडायचं एवढंच आपल्या हातात."

आता माझ्याकडे येतो, कारण टाळता येणार नाही.

मला त्या डोंगराची भीती वाटायची. आणि ती पाठ घातली की भीती कमी होण्याऐवजी वाढायची. कुणीतरी मला पडण्यासाठी सजवतंय असं वाटायचं. भर म्हणून शेजारी चार जाड चाकांच्या क्वाड बाइक उडवणारी पोरं 'टर्टल, टर्टल' म्हणून हसायची. सव्वीस वर्षांचा होतो. मग मी एक युक्ती काढली. काकांनी गाठ मारली की पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने मी नुकत्याच घेतलेल्या माझ्या गाडीमागे जायचो, नाडी ओढायचो, एका ओढीत गाठ सुटायची, आणि पाठ डिकीतल्या चटईखाली सरकवायचो. तिच्या जागी जर्सीच्या आत स्टॉकचं पॅड, खालची कड पँटमध्ये खोचलेली. टक टक. आवाज अगदी तसाच.

"कोण आहे?"

"मी आहे, दिलीप."

दोन शुक्रवार जमलं. तिसऱ्या शुक्रवारी आम्ही नऊ जण होतो.

पेंडशांनी मुलीला पहिल्यांदाच आणलं होतं. ऋचा, अकरा वर्षांची. पाठी आठच. काकांनी स्वतःची काढून तिला चढवली, पट्टे आखूड केले, गाठ मारली. "आधी तू, मग मी," ते म्हणाले.

"But I won't fall, Uncle."

"पडशील गं," काका म्हणाले. "सगळे पडतात. छान पडायचं."

फेब्रुवारी होता, दुपारचे चार वाजले असतील. बाकीचे एकदा घसरून खाली चहाला थांबले होते. वर आम्ही तिघंच, काका, ऋचा आणि मी. काकांनी तिची पाठ वाजवली, तिने नाव सांगितलं आणि गेली. मध्यावर गेल्यावर पडली. बरी पडली, पण तिचे पाय बोर्डाला बांधलेले आणि एक हात ती पोटाशी धरून बसली होती. उठेना.

तेवढ्यात डोंगराच्या पलीकडून इंजिनांचा आवाज आला. क्वाड बाइकवाले पलीकडच्या बाजूने वर चढत होते. ते कडेवर येतात तेव्हा पुढे काय आहे ते त्यांना दिसत नाही. हवेत उडी घेऊन सरळ खाली येतात. ऋचा बरोब्बर त्या रेषेत होती.

काकांनी एकदा आवाजाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. बोर्डात पाय घातले. माझ्याकडे हात केला.

"दिलीप, तुझी पाठ दे. यल्ला, लवकर!"

तीन-चार सेकंदांची गोष्ट आहे. जर्सी वर केली असती तर पॅड दिसलं असतं. तेवढंच माझ्या डोक्यात होतं. पोरगी नाही, बाइक नाही, पॅड. मी हात मागे नेला, खोटंच खुडबुडलो आणि म्हणालो, "गाठ बसलीय काका. सुटत नाही."

"सुटेना? बघू."

ते माझ्या दिशेने वाकले. मी मागे सरकलो.

"मग तूच जा!" ते ओरडले. "तुझ्या पाठीवर आहे ना, तू जा!"

माझ्या पाठीवर काय आहे ते मला ठाऊक होतं. माझे पाय हलले नाहीत. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. रागाने नाही. त्यांना भीती ओळखता यायची. मग ते गेले, हेल्मेट डोक्यावर, पाठ उघडी, दोन्ही हात वर करून आरडाओरडा करत, एकदम सरळ. इतक्या वेगाने ते कधीच गेले नव्हते.

पहिली बाइक माझ्यापासून दहा हातांवर कडेवरून उडाली. चालवणाऱ्याला काकांचे हात दिसले असावेत. त्याने वळवली. ती ऋचाच्या शेजारून गेली, वाळूचा फवारा तिच्यावर उडवून; बाकीच्या लांबून उतरल्या. काका तिच्यापर्यंत पोचले, थांबायला म्हणून वळले आणि उताणे पडले. खाली वाळू होती. पण वाळूत ऋचाचा बोर्ड कडेवर उभा होता. त्यांची कंबर त्यावर आली.

आवाज मला वरपर्यंत आला. एकच टक.

मी कसा खाली आलो ते आठवत नाही. काका शुद्धीत होते, चेहरा राखेसारखा झालेला. पेंडसे धावत येऊन त्यांना उचलायला वाकले. "हात नका लावू," काका म्हणाले. "मला कुणी उचलायचं नाही. पोरगी बरी आहे का? मग फोन करा. दिलीप, माझं डोकं धर. मान हलता कामा नये."

पेंडशांच्या मोबाइलला रेंज नव्हती, ते रस्त्याकडे पळाले. मी वाळूत बसून दोन्ही हातांनी काकांचं डोकं धरलं. ॲम्ब्युलन्स यायला पाऊण तास लागला. तो सगळा वेळ पॅडचा लोखंडी चाप माझ्या पाठीत रुतत होता आणि मला हलता येत नव्हतं. काकांचे डोळे माझ्या तोंडावर होते, उलटे.

"दिलीप, डावा पाय कळत नाहीये मला."

"येईल काका. इन्शाल्ला येईल."

त्यांनी ओठांवरची वाळू जिभेने बाजूला केली.

"गाठ सुटली का तुझी?"

मी म्हणालो, "नाही."

पुढचं सांगतो. हे त्याहून वाईट आहे. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी गाडीमागे गेलो. चटईखालची पाठ काढली, अंगावर चढवली, नाडीला दुहेरी आडगाठ मारली, बाटलीतलं पाणी ओतून ती भिजवली आणि सगळी ताकद लावून आवळली. मग पेंडशांना हाक मारली. त्यांनी चिवड्याबरोबर आणलेल्या सुरीने ती कापून मला मोकळं केलं. मी साक्षीदार तयार केला.

घरी जाऊन मी ती परीक्षाही करून पाहिली. पापड, त्यावर पॅड, त्यावर बाटली सोडली. पापडाचा चुरा झाला. तो चुरा मी कागदात गुंडाळून खालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, कुणी पाहील म्हणून.

काकांचा मणका मोडला होता. तीन महिने अंथरूण, मग पट्टा, मग काठी. डावा पाय कायमचा ओढत राहिला. पाठ असती तर किती वाचलं असतं, असं काकूंनी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. काकांनी डॉक्टरांना पापडाची परीक्षा समजावून सांगितली.

मी भेटायला गेलो तेव्हा ते पलंगाच्या दांडीला नाडी बांधत होते. बांधायची, ओढायची. पुन्हा बांधायची. दांडीवर सात-आठ तुकडे लोंबत होते. त्यांतला एक, उशाशी वेगळा ठेवलेला, कापलेला होता. पेंडशांनी आणून दिला होता.

"मी काय म्हणतो, चूक सापडत नाहीये," ते म्हणाले. "ही बघ, आडगाठ झालीय. मी अशी मारलीच कशी? पोरगी नवीन होती, तिच्याकडे लक्ष होतं, तेव्हा तुझी गाठ चुकली असणार. एका ओढीत, एका ओढीत, म्हणून मी मिरवत होतो रे."

"जाऊ द्या ना काका."

"जाऊ कसं देऊ? तू तिथे उभा, आणि मीच तुला बांधून ठेवलेलं. सुटली असती तर दिली असतीस ना?"

"हो," मी म्हणालो.

"तुझ्यावर ओरडलो ते मनात ठेवू नकोस. घाबरणं बरोबर असतं. चूक गाठीची होती."

काकूंनी मला चहा दिला. मी प्यायलो.

त्यानंतर कंपनीने त्यांना गोडाऊनमधून ऑफिसात बसवलं. आठ वर्षं आम्ही समोरासमोर काम केलं. शुक्रवार बंद झाले. पेंडसे दुसऱ्या देशात गेले; ऋचाचं इंग्रजी पत्र यायचं दर वर्षी, काका ते टेबलाच्या काचेखाली ठेवायचे. त्यांच्यात एकच बदल झाला. पूर्वी ते जगाला भ्यायचे, आता स्वतःच्या हातांना. बुटाची लेस बांधली की मला म्हणायचे, "जरा ओढून बघ रे." पार्सलाची सुतळी बांधली की, "सुटते का बघ." मी रोज बघायचो. रोज सुटायची.

दुबईतल्या एका मॉलमध्ये खऱ्या बर्फाचा डोंगर उभा राहिला, त्याच हिवाळ्यात काका नोकरी सोडून सांगलीला कायमचे निघाले. जायच्या आदल्या दिवशी म्हणाले, "बर्फ दाखव मला." माझी सई तेव्हा सहा-सात वर्षांची. तिला घसरायचं होतं. भाड्याने जाड कपडे, बूट, हेल्मेट मिळालं. काका काठी टेकत आले आणि त्यांनी पिशवीतून एक पाठ काढली. आठांपैकीच एक. लहान मुलीच्या मापाची कापलेली, कडा काकूंनी शिवलेल्या, आणि नवी पांढरी नाडी.

बाकावर बसवून त्यांनी सईला ती चढवली. गाठ मारायला खूप वेळ लागला.

"दिलीप, ओढ."

मी टोक ओढलं. एका ओढीत सुटली.

"आठ वर्षं लागली," ते म्हणाले. "आता नाही अडकायची." आणि पुन्हा बांधली. मग तिच्या पाठीवर पेरं वाजवली. "कोण आहे?"

"It's me, Ajoba. Sai."

"मग जा."

आत थंडी होती म्हणून ते बाहेर काचेपाशी थांबले. मी सईबरोबर आत गेलो. ती पडली, उठली, पुन्हा पडली, हसली. मी वळून पाहिलं तेव्हा काका काचेला अगदी चिकटून उभे होते, काठीवर भार देऊन, तोंडाच्या वाफेने काच धुरकट झालेली. ते माझ्याकडे बघत पेरांनी काच वाजवत होते. आवाज येत नव्हता. पण ओठ दिसत होते. कोण आहे?

मी हात हलवला. जाड जाकिटाच्या आत घामाने भिजलो होतो.

त्यानंतर भेट नाही. दिवाळीला फोन होतो. परवा काकूंनी सांगितलं, हल्ली सकाळी उठून नाडी घेऊन बसतात, बांधतात, सोडवतात, आणि म्हणतात, त्या दिवशी माझी गाठ चुकली. पोरगी वाचली हे कधी म्हणत नाहीत.

मी फोन केला की ते आधी विचारतात, "मी काय म्हणतो, सईची पाठ आहे ना जपून?" मी हो म्हणतो. नंतर एक क्षण शांत जातो, त्या क्षणात बोलता येईल असं दर वेळी वाटतं, आणि मी काकूंना द्या म्हणतो.

तुमची गाठ चुकली नव्हती, काका. मी ती स्वतः सोडली होती, एका ओढीत सुटली होती. एवढं मी तुमचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.